लक्ष कुठंय? आळशी डोळा बाळगणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका (नगर जिल्हा आवृत्ती)

अभिनंदन. तुमच्याकडे किंवा तुमच्या लेकराकडे दोन डोळे आहेत आणि त्यातला एकच कामावर आहे. दुसरा उघडतो, मिटतो, रडतो, धूळ गेली तर चुरचुरतो. फक्त पाहण्याचं काम त्यानं लहानपणीच सोडून दिलंय.

ही मार्गदर्शिका नगर जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी आहे. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, तेव्हा केसपेपरवर तेच लिहावं. तोंडी अजून नगर चालतं. अकोले तालुक्यातल्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत चौदाही तालुक्यांना सूचना सारख्याच लागू आहेत. नेवासेकरांसाठी थोड्या जादा आहेत, त्या पुढे येतील.

पात्रता

आळशी डोळा मिळवायला फार खटपट लागत नाही. शंभर लेकरांत एक ते तीन जणांना तो मिळतोच. डोळा तिरळा असेल तर दोन बुबुळं दोन दिशांची चित्रं मेंदूकडे धाडतात आणि गोंधळ नको म्हणून मेंदू त्यातलं एक बाद करतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल तर धूसर चित्र बाद होतं. जन्मजात मोतीबिंदू असेल किंवा पापणी बुबुळावर उतरलेली असेल तर चित्र आत नीट पोचतच नाही. म्हणजे प्रत्येक तिरळा डोळा आळशी नसतो आणि प्रत्येक आळशी डोळा तिरळा नसतो. पाहुण्यांना हे समजावण्याच्या भानगडीत पडू नका.

हमखास यश हवं असेल तर नंबरची वाट धरावी. त्यात डोळे अगदी सरळ दिसतात. लेकरू एका डोळ्याच्या जिवावर सगळं उरकतं: सायकल, गोट्या, चिंचा पाडणं, शेजारच्याच्या पेपरात बघून गणितं सोडवणं. दुसऱ्या डोळ्यानं कमी दिसतं हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. सगळ्यांनाच असं दिसत असणार, अशी त्याची समजूत. घरच्यांनी पथ्य एकच पाळायचं. सात-आठ वर्षांपर्यंत त्याचा एकेक डोळा झाकून कधी बघायचं नाही. ते टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसलं तर ‘वेड आहे टीव्हीचं’ म्हणावं. मान वाकडी करून वाचत असेल तर ‘बापावर गेलाय’. चहा ओतताना धार कपाबाहेर गेली तर ‘वेंधळं’.

एवढं नेटानं पाळलं, की डोळ्याचा पत्ता थेट भरतीच्या मैदानात लागतो. नगर हे लष्कराचं गाव. आर्मर्ड कोअरचं सेंटर इथं, रणगाड्यांचं संग्रहालय इथं. पारनेर-श्रीगोंद्याची पोरं वर्षानुवर्षं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. छाती भरते, धाव वेळेत बसते, आणि मग एक डोळा झाकून तक्ता वाचायला सांगतात. एका डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होतं. दुसऱ्यानं वरचं मोठं अक्षर, तेही अंदाजानं. पोरगा परत येतो आणि गावात सांगतो, ‘पैसे मागत होते.’ त्याला दोष देऊ नका. अठराव्या वर्षी आपल्या डोक्यातल्या अंधाराची बातमी अनोळखी माणसाकडून कळल्यावर लोक याहून वाईट काहीबाही बोलतात.

बिघाड नेमका कुठं

मुळा धरणाचा पाट ज्यांनी पाहिलाय त्यांना फार सांगायला नको. हेडचे शेतकरी आधी पाणी घेतात, मोटारी टाकतात, आणि आवर्तन संपेपर्यंत टेलच्या वावरात पाणी पोचत नाही. टेलच्या जमिनीत खोट नसते. डोळ्याचंही तसंच आहे. बुबुळ, भिंग, पडदा सगळं जागच्या जागी. पण मेंदूतला रकबा चांगल्या डोळ्यानं आधीच ओलिताखाली आणलेला असतो. ह्यूबेल आणि वीझल या दोघांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून बंद ठेवला. टाके काढल्यावर तो डोळा निरोगीच होता, पण त्याच्या हाकेला ओ देणाऱ्या पेशी मेंदूत फार थोड्या उरल्या होत्या. मोठ्या मांजरांचा डोळा शिवला तर असं काही होत नव्हतं. या कामाबद्दल १९८१च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. उपाय मात्र त्यांच्या कितीतरी आधीचा. फ्रान्सच्या ब्यूफों नावाच्या निसर्गअभ्यासकानं १७४३मध्येच चांगला डोळा झाकून ठेवायला सांगितलं होतं. हेडची दारं रोज थोडा वेळ बंद करा, टेलला पाणी जाईल. फक्त हे लहानपणी करायचं असतं. पाटावर हे तत्त्व कितपत पाळलं जातं ते तुम्ही जाणताच.

मिळणारी नावं

डोळा सरळ असेल तर हा भाग गाळून पुढे जा. तिरळा असेल तर नावासाठी अर्ज करावा लागत नाही, शाळा देते. चकण्या, तिरळ्या, हेकण्या ही गावठी नावं. लुकिंग लंडन टॉकिंग टोकियो हे इंग्रजी माध्यमाचं, पण ते झेडपीच्या शाळेतही तितकंच चालतं. चष्मा लागला की ढापण्या. पट्टी लागली की शुक्राचार्य, कारण वामनानं दर्भाची काडी झारीत खुपसली ती गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या आजोबांनी सांगितलेलीच असते.

नेवासा तालुक्यातल्या धारकांना एक नाव जास्त. शनिशिंगणापूर याच तालुक्यात. तिथल्या घरांना दारं नसतात हे जगाला माहीत आहे, पण शनीच्या नजरेचा धाक अख्ख्या पंचक्रोशीला असतो. तुमच्या घरी तिरळं लेकरू असेल तर वक्रदृष्टीचे विनोद शनी अमावस्येला जास्त आणि इतर दिवशी थोडे कमी, असे गृहीत धरा. म्हशीनं दूध कमी दिलं, मोटार जळाली, तरी एखादी चुलती त्या लेकराकडे बघून गप्प होते. हे गप्प होणं चिडवण्याहून जास्त लागतं, कारण त्यावर उलट बोलता येत नाही. याच तालुक्याच्या गावी, नेवाशात, ज्ञानेश्वरांनी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. त्या खांबाचं दर्शन घ्यायला तेच लेकरू चुलतीचं बोट धरून जातं.

याच्या उलट टोकाला ‘तिरळा डोळा म्हणजे लक्ष्मी’ म्हणणाऱ्या आज्या आहेत. आजी प्रेमानं म्हणते, त्यामुळं हा समज सगळ्यात महागात पडतो. चिडवलेलं पोर एखादे दिवशी रडत घरी येतं आणि आईबाप त्याला दवाखान्यात नेतात. लक्ष्मीला दवाखान्यात कोण नेणार?

पट्टी

चांगला डोळा झाकायचा, वाईट नाही. हे दोनदा वाचा. शेजारी विचारणारच आहेत. ‘अहो, बरा डोळा झाकून ठेवलाय पोराचा, डॉक्टर शिकलेलाय ना?’

आधी चष्मा. तो काही आठवडे लावल्यावरच नजर किती सुधारते ते बघतात, आणि मग गरजेप्रमाणं पट्टी. बिघाड मध्यम असेल तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांना तीन ते सात वर्षांच्या मुलांत २००३मध्ये दिसून आलं. बिघाड जास्त असेल तर तास वाढतात. ज्या घरात पट्टीवरून रोज महाभारत होतं तिथं चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून त्याला काही काळ धूसर करता येतं. तेही अनेकांना लागू पडतं. थेंब डॉक्टरांनीच द्यायचे. मध, कोथिंबिरीचा रस, गुलाबपाणी आणि बाळंतिणीचं दूध ही औषधं सुचवणाऱ्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

पट्टी चिकटवली की पहिली दहा मिनिटं लेकरू ओरबाडतं. का ओरबाडतं ते कळायला हवं. मोठ्यांना वाटतं चिकटपट्टी टोचते. टोचत नसते. त्याला दिसत नसतं. कालपर्यंत सगळं दिसणाऱ्या माणसाला आज आईचा चेहरा पुसट दिसतो, ताटातली भाकरी कुठं आणि चटणी कुठं ते चाचपावं लागतं, आणि वर सगळे म्हणतात, ‘हट्टी आहे.’ त्या दोन तासांत त्याच्याजवळ बसावं. चित्र रंगवावं, तांदूळ निवडावेत, पत्ते खेळावेत. नाहीतर कार्टून लावून द्यावं, तेवढ्यापुरती टीव्हीबंदी उठवावी. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घामानं पट्टी सुटते. तेव्हा ती सकाळच्या गारव्यात लावावी.

शाळेत पट्टी लावून पाठवायची वेळ आलीच तर पहिला आठवडा असा जातो. वर्गातली मुलं विचारतात, ‘डोळे आले का रं?’ आणि बाक सोडून उठतात. मधल्या सुट्टीत कुणीतरी पट्टी ओढतं. गुरुजी चांगले असतील तर एक दिवस सगळ्या वर्गाला एकेक डोळा झाकून फळा वाचायला लावतात. अशा वर्गात दर काही वर्षांनी आणखी एखादा सापडतो, जो हसणाऱ्यांत पुढे असतो.

पट्टी सुटण्याचं खरं कारण पोराचा कंटाळा नसतोच फारसा. आईला रोज दोन तास मोकळे मिळत नाहीत, हे असतं. आणि ‘कशाला पोरीच्या तोंडावर हे चिकटवलंय, लोक काय म्हणतील’ हे वाक्य, जे पोराच्या बाबतीत निम्म्यानंच ऐकू येतं.

हंगाम

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या धारकांनी वेळापत्रक जरा वेगळं ठेवावं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली आणि खर्चही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता; लेकरं त्या हिशेबात नाहीत, पण गाडीत असतात. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कारखान्याजवळच्या कोप्यांत, कधी कोल्हापूर-सांगलीकडे तर कधी कर्नाटकात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला. त्यात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलं तपासतं, डोळेही तपासतं. योजना चांगली आहे, उपहासानं म्हणत नाही. पण पथक आलं त्या दिवशी लेकरू फडात वाढं गोळा करत असेल तर पटावरच्या त्याच्या नावापुढं गैरहजर एवढंच लागतं. सापडलंच आणि चष्मा मिळालाच, तर तो उसाच्या पाचटात किती दिवस टिकेल? पट्टीचे दोन तास कुणी मोजायचे? आई पहाटे अंधारात फडात उतरते, बाप मोळ्या बांधतो, कोपीत धाकट्याला सांभाळायला हेच सहा वर्षांचं पोर असतं. पट्टी लावून त्यानं चूल सांभाळावी असं कुठला डॉक्टर सांगेल? हंगामी वसतिगृहात ठेवलं तर तपासणी चुकत नाही, पण सहा वर्षांचं पोर मागे ठेवायला आईचा जीव धजत नाही.

नजर सुधारण्याचं सगळ्यात चांगलं वय सात वर्षांच्या आतलं. ऊसतोडीला त्यातले चार-पाच हंगाम सहज जातात. या परिच्छेदात विनोद घालायला जागा सापडली नाही. पुढच्या आवृत्तीत बघू.

समोरासमोर बोलणं

तिरळ्या डोळ्याच्या धारकाला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य ‘लक्ष कुठंय तुझं?’ हे आहे. तुम्ही फळ्याकडे बघत असता. गुरुजींच्या मते खिडकीकडे. तुम्ही वडिलांच्या डोळ्यांत बघून खरं सांगत असता. वडिलांच्या मते नजर चुकवून खोटं. ‘माझ्याकडं बघून बोल’ या हुकुमाचं पालन तुम्ही आधीच करत असता, त्यामुळं आणखी काय करावं ते कळत नाही. एक थप्पड बसते. यानंतर बहुतेक जण मान खाली घालून बोलायला शिकतात, आणि मग लोक म्हणतात, पोरगा बुजरा आहे.

माळीवाड्याच्या स्टँडवर एकाला विचारलं, ‘शेवगावची गाडी गेली का?’ तर शेजारचा उत्तर देतो. चौकशी करताना म्हणून हात लावून किंवा ‘ओ दादा’ म्हणून सुरुवात करावी. कॉलेजात जास्त सांभाळावं. तुम्ही नोटीस बोर्ड वाचत असता, आणि एखाद्या मुलीच्या भावाला वाटतं तुम्ही त्याच्या बहिणीकडे बघताय. तिरळ्या मुलीच्या वाट्याला उलटा त्रास; कट्ट्यावरच्या प्रत्येकाला वाटतं ती आपल्याकडेच बघतेय, आणि हे पसरायला संध्याकाळ पुरते.

बसण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. ज्या बाजूचा डोळा भटकतो ती बाजू भिंतीकडे. फोटोत मान किंचित वळवावी, किंवा सरळ हसून डोळे बारीक करावेत. काहींना स्वतःवर आधी विनोद करण्याची युक्ती जमते. दुसऱ्यानं करण्याआधी आपणच केला की धार जाते. ती चालते, मात्र रोज वापरली तर माणूस विदूषक म्हणून ठरतो आणि लग्नाच्या वरातीत त्याला हटकून नाचायला ओढतात.

ज्यांचे दोन्ही डोळे कामावर आहेत त्यांच्यासाठीही एक सूचना. बोलताना कोणत्या डोळ्यात बघायचं ते कळत नसेल तर जो तुमच्याकडे बघतोय त्यात बघा. मागे वळून ‘कोण आहे?’ असं बघू नका. तिथं कुणी नसतं.

पडद्यावरचे धडे

वाकडा डोळा म्हणजे वाकडं मन, हे आपल्याला कुणी शिकवलं? बरंचसं सिनेमानं. कोपरगाव ओलांडलं की येवला. तिथं १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होत्या. १९४२मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात भगवानदादांनी प्रसंगाप्रमाणं थप्पड मारायची होती, ती फार जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची नस फुटली, आणि लांबलचक उपचारांनंतरही तो डोळा कायमचा बारीक राहिला. हा आळशी डोळा नव्हे, पण समाज डोळ्यांत एवढा फरक करत नाही. नायिका संपली. मग तोच डोळा खाष्ट सासूचा झाला, आणि १९८७ साली सुरू झालेल्या रामायण मालिकेत मंथरेचा. रविवारी सकाळी सगळा देश तो डोळा बघायचा, आणि सोमवारी शाळेत तिरळ्या मुलींना नवं नाव मिळालेलं असायचं.

आता ‘श्री ४२०’ बघा. केळीवाली. तोच डोळा, आणि मायाच माया. ‘अनाडी’तली मिसेस डिसा बघा, जिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. तोच डोळा वरून कडक आणि आतून मऊ. डोळ्यात काही बदललं नव्हतं. लिहिणाऱ्यानं संवाद बदलले होते.

सिनेमावरून आठवलं. थ्रीडी सिनेमाला जाऊ नका. १९९८मध्ये ‘छोटा चेतन’ आला तेव्हा अख्खं थिएटर अंगावर येणाऱ्या वस्तू धरायला हात पुढे करत होतं. तुम्हाला सगळं सपाटच दिसणार. खोली दोन डोळ्यांच्या भागीदारीतून दिसते. गेलातच तर मात्र हात पुढे करावेत, आजूबाजूला बरं दिसतं.

क्रिकेटमध्ये उंच उडालेला झेल तुमच्याकडे येऊ नये अशा जागी उभं राहावं. आपल्या जिल्ह्यानं श्रीरामपूरचा झहीर खान आणि आश्वीचा अजिंक्य रहाणे दिलाय. तिसऱ्या नावाची जबाबदारी तुमच्यावर नाही. सुईत दोरा ओवणं, पायरीचा शेवट ओळखणं, चहा ओतणं हे हळूहळू जमतं, कारण मेंदू सावल्या आणि आकारांवरून अंतर ताडायला शिकतो. आणि एक फायदा आहेच: गलोलीनं नेम धरताना एक डोळा मिटायचे कष्ट पडत नाहीत.

बायोडेटा

फोटो स्टुडिओवाल्याला सांगावं लागत नाही. तो आपणहून ‘जरा साईड पोज’ म्हणतो. कांदेपोह्यांच्या वेळी मुलीनं मान खाली ठेवली की संस्कार, आणि वर केली की सगळा प्रकार उघड. काही घरी मुलाच्या एका डोळ्याची नजर कमी आहे हे साखरपुड्यानंतर सांगतात, काही घरी सांगतच नाहीत. सांगून टाकणं बरं, हे माझं मत. सरळ डोळ्याच्या धारकांनी तर नक्की सांगावं, कारण चांगल्या डोळ्याला काही इजा झाली तर घरच्यांना ते आधीच ठाऊक असायला हवं. त्याच कारणासाठी वेल्डिंग करताना, फवारणी करताना, दिवाळीत फटाके उडवताना चांगल्या डोळ्यावर गॉगल हवा. हा सल्ला थट्टेचा नाही.

दुरुस्ती

नगर जिल्ह्यात नेत्रशिबिरांना तोटा नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस आला, की मंडप, बॅनर, मोफत नेत्रतपासणी आणि चष्मेवाटप. आजोबा-आज्यांचे मोतीबिंदू तिथून ऑपरेशनला जातात आणि ते चांगलंच काम आहे. पाच वर्षांच्या पोराला मात्र कुणी रांगेत उभं करत नाही. त्याला मोतीबिंदूही नसतो आणि मतही नसतं. तुम्ही त्याला मुद्दाम न्या आणि बाल नेत्रतज्ज्ञांकडे पाठवणी मागा. लोणीला, विळद घाटाला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पुणं तर काही तासांवर.

वय उलटून गेलं म्हणून घरी बसू नका. सात ते सतरा वयाच्या मुलांतही, विशेषतः आधी कधी उपचार न झालेल्यांत, काहींची नजर सुधारते असं २००५मधल्या अभ्यासात दिसलं. मोठेपणी नजर परत येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. तिरळेपणाचं ऑपरेशन मात्र मोठ्या माणसांवरही होतं. त्याला ‘दिसण्याचा सोस’ म्हणणाऱ्यांनी एकदा स्टँडवर शेवगावची गाडी विचारून बघावी.

घरात धाकटं भावंड असेल तर त्यालाही याच फेरीत तपासून घ्या. हा प्रकार एकाच घरात पुन्हा आढळतो. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला एसटीत तिकीट लागत नाही, बारापर्यंत अर्धं लागतं, आणि मार्च २०२३पासून बायकांनाही अर्धंच. आईनं दोघांना घेऊन नगरला जाऊन यायचा खर्च त्या शिबिराच्या एका बॅनरपेक्षा कमी येतो. तपासणीसाठी थेंब घातल्यावर पोरांना काही तास धूसर दिसतं, तेव्हा परतीच्या गाडीत खिडकीची जागा त्यांना न देता आपण घ्यावी.